परसबागेत घर बांधण्याआधी: इंग्लंडमध्ये कौन्सिलचा पूर्वसल्ला कसा घ्यावा

घरामागची बाग लांबलचक आहे, तिच्या टोकाकडे वर्षातून चार वेळा गवत कापायलाच काय ते जाणे होते, मग तिथे एक छोटेसे घर का बांधू नये, हा विचार इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांत कधी ना कधी निघतो. कोणाला निवृत्तीनंतर जिने नसलेल्या घरात राहायचे असते, कोणाला पुढचे मोठे घर मुलांकडे सोपवायचे असते, तर कोणाला बांधून विकायचे असते. हेतू कोणताही असो, कौन्सिल परवानगी देईल का, या प्रश्नापाशीच सगळे येऊन थांबतात. या प्रश्नाचे उत्तर रीतसर अर्ज करण्याआधी, तुलनेने थोड्या खर्चात आणि लेखी स्वरूपात मिळवण्याची सोय इथे आहे. तिला सगळे ‘प्री-ॲप’ म्हणतात. या लेखात मी तिला पूर्वसल्ला म्हणेन. पुढे जे सांगितले आहे ते इंग्लंडपुरते आहे, कारण वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड येथील नियम वेगळे आहेत.

महाराष्ट्रात प्लॉटवर घर बांधलेल्या माणसाला इथली पद्धत सुरुवातीला चकवते. आपल्याकडे चटईक्षेत्र निर्देशांक किती, सामासिक अंतरे किती, उंची किती, हे आकडे नियमावलीत दिलेले असतात आणि नकाशा त्या आकड्यांत बसला की बरेचसे काम होते. इंग्लंडमध्ये तसे ठरीव कोष्टक नाही. २००४ च्या नियोजन कायद्याच्या कलम ३८(६) प्रमाणे निर्णय स्थानिक विकास आराखड्याला धरून द्यावा लागतो, मात्र अन्य महत्त्वाच्या बाबी वेगळ्या दिशेने बोट दाखवत असतील तर त्यांचाही विचार करावा लागतो. आणि त्या आराखड्यातली धोरणे वाचली तर ‘परिसराच्या स्वरूपाशी सुसंगत असावे’, ‘शेजाऱ्यांच्या राहणीला अस्वीकारार्ह बाधा पोचू नये’ अशी वाक्ये भेटतात. आपल्या गल्लीत, आपल्या कुंपणाच्या आत, या वाक्यांचा अर्थ काय लावला जाईल हे त्याच कौन्सिलचा अधिकारी सांगू शकतो. पूर्वसल्ल्याचे महत्त्व मुख्यतः यातून येते.

बागेच्या बाबतीत तर ही संदिग्धता आणखी वाढते. जून २०१० मध्ये सरकारने ‘आधी बांधकाम झालेली जमीन’ या व्याख्येतून घरांच्या खासगी बागा वगळल्या. त्याआधी बागेची जमीन त्याच व्याख्येत मोडत असल्यामुळे तिथे घरे उभारण्यास धोरणाचे पाठबळ मिळत असे. वगळणूक २०१२ च्या राष्ट्रीय धोरण चौकटीत कायम राहिली आणि डिसेंबर २०२४ च्या आवृत्तीतही आहे. मात्र ती वस्तीतल्या बागांपुरती आहे. २०१७ मध्ये डार्टफर्ड बरोच्या प्रकरणात अपील न्यायालयाने वस्तीबाहेरच्या बागा या वगळणुकीत येत नाहीत असा निर्णय दिला. त्यामुळे गावाच्या सीमेबाहेरच्या एकाकी घराची बाग आणि शहरातल्या रांगेतल्या घराची बाग यांना एकच तर्क लावता येत नाही. बागेत घर बांधण्यास बंदी आहे असे जे ऐकिवात येते ते बरोबर नाही, परंतु बाग आपली आहे म्हणून परवानगी मिळेलच, असेही नाही.

पूर्वसल्ला टाळून थेट अर्ज करावा, नाकारला गेला तर दुरुस्ती करून पुन्हा द्यावा, हा जुना मार्ग आता महाग झाला आहे. पूर्वी नाकारलेला किंवा मागे घेतलेला अर्ज ठरावीक मुदतीत एकदा विनाशुल्क पुन्हा देता येत असे. ती सवलत डिसेंबर २०२३ मध्ये बंद झाली. एका घराच्या पूर्ण अर्जाचे शुल्क १ एप्रिल २०२५ पासून ५८८ पौंड झाले आणि ते दर वर्षी महागाईनुसार वाढवण्याची तरतूद आहे. खरा खर्च शुल्काचा नसून त्याआधीच्या आर्किटेक्टच्या नकाशांचा, झाडांच्या पाहणीचा आणि वटवाघळांच्या पाहणीचा असतो. शिवाय नकार त्या जागेच्या इतिहासात कायमचा नोंदला जातो आणि पुढचा प्रत्येक अधिकारी तो वाचतो.

मी स्वतः हे काम उलट्या क्रमाने केले होते. आधी आर्किटेक्टकडून सहा पानी नकाशे करून घेतले, खिडक्यांच्या चौकटींचा रंगसुद्धा ठरवला आणि मग कौन्सिलकडे सल्ला मागितला. उत्तरातला निम्म्याहून अधिक मजकूर रस्त्यावरून आत येण्याच्या वाटेबद्दल होता, ज्यासाठी एकाही नकाशाची गरज नव्हती. टेप आणि एक मोकळी सकाळ पुरली असती. म्हणून माझा पहिला आग्रह असा की, घराचे चित्र मनात पक्के होण्याआधी सल्ला मागावा. एकदा चित्रावर जीव जडला की माणूस सल्ला मागत नाही, संमती मागतो, आणि अधिकाऱ्याच्या प्रत्येक शंकेत त्याला अडवणूक दिसू लागते.

सल्ला मागण्याआधी घरबसल्या करायची कामे

सर्वप्रथम घराचे टायटल पाहावे. जमीन नोंदणी खात्याच्या सरकारी संकेतस्थळावर टायटलच्या नोंदीची प्रत डिसेंबर २०२४ पासून ७ पौंडांना मिळते, आणि सीमा दाखवणारा नकाशा तितक्याच पैशांत वेगळा घ्यावा लागतो. नोंदीतला निर्बंधांचा भाग शब्दन् शब्द वाचावा. ‘या भूखंडावर एकापेक्षा अधिक निवासस्थान उभारू नये’ अशी अट जुन्या वसाहतींमध्ये सर्रास आढळते. कौन्सिलचा अधिकारी ही अट विचारात घेत नाही, कारण ती खासगी करारातली असते. परंतु परवानगी मिळाल्याने ती अट संपतही नाही. तिचा लाभ ज्यांना आहे ते शेजारी नंतर न्यायालयात जाऊ शकतात. १९२५ च्या मालमत्ता कायद्याच्या कलम ८४ खाली अशी अट शिथिल करण्यासाठी वरिष्ठ न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, पण त्याला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. म्हणून हा विषय सॉलिसिटरबरोबर आधी बोलून घ्यावा. त्याच नकाशावर आपल्या सीमेची रेषा रस्त्याच्या कडेपर्यंत खरोखर पोचते का, की मध्ये दुसऱ्याच्या मालकीची हातभर पट्टी उरते, हेही तपासावे. अशी पट्टी हातभरच रुंद असली तरी तिचा मालक हवी ती किंमत मागू शकतो.

त्यानंतर कौन्सिलच्या संकेतस्थळावरील अर्जांच्या नोंदीत आपल्या रस्त्याचे नाव घालून जुने अर्ज शोधावेत. या कामाला एक संध्याकाळ द्यावी, कारण संपूर्ण तयारीत इतका मोबदला दुसरे कोणतेच काम देत नाही. शेजारच्या चार-पाच बागांत कोणी अर्ज केला होता का, तो मंजूर झाला की नाकारला, नाकारला असल्यास अपिलात काय झाले, हे सगळे तिथे खुले असते. अधिकाऱ्याचा अहवाल उघडून कोणत्या धोरणाचा क्रमांक दिला आहे आणि कोणत्या मुद्द्यावर मत बनले हे टिपून घ्यावे. अपील निरीक्षकाचा निर्णय मिळाला तर तो अधिक मोलाचा, कारण तो बाहेरच्या व्यक्तीने जागा पाहून दिलेला असतो. मात्र मंजूर झालेले जुने उदाहरण वापरताना त्याचा काळ पाहावा. २०१० पूर्वीची मंजुरी वेगळ्या धोरणाखाली दिलेली असते आणि ती पुढे केल्यास अधिकारी ते लगेच लक्षात आणून देतो.

विकास आराखड्याचा नकाशा, पुराच्या धोक्याचा सरकारी नकाशा, ग्रीन बेल्ट म्हणजे शहराभोवती मोकळा राखलेला पट्टा, संरक्षित परिसर म्हणजे कॉन्झर्व्हेशन एरिया, जवळची संरक्षित इमारत आणि संरक्षित झाडांची नोंद, हे सर्व एकदा डोळ्यांखालून घालावे. यांपैकी जे आपल्या जागेला लागू असेल ते लपवू नये. अधिकाऱ्याकडे तेच नकाशे असतात.

टेप घेऊन बागेत

कागद पाहून झाले की मोजमाप करावे. सुरुवात वाटेपासून करावी, कारण मागच्या बागेतली घरे सर्वाधिक वेळा वाटेवरच अडतात. जुन्या घराच्या भिंतीपासून कुंपणापर्यंतचे अंतर सर्वांत अरुंद जागी मोजावे. गटाराचा पाइप, गॅसची पेटी, धुराड्याचा पुढे आलेला भाग हे वजा करून जे उरते तीच वाटेची खरी रुंदी. बांधकाम नियमांच्या मार्गदर्शिकेप्रमाणे अग्निशमन गाडी नव्या घरातील प्रत्येक बिंदूपासून ४५ मीटरच्या आत पोचू शकली पाहिजे. त्यासाठी गाडीला आत यावे लागत असेल तर साधारण ३.७ मीटर रुंद मार्ग आणि फाटकापाशी किमान ३.१ मीटर मोकळी जागा धरतात. बंद टोकाच्या वाटेवर २० मीटरपेक्षा अधिक उलटे जावे लागत असेल तर वळण्याची जागा द्यावी लागते. हा विषय खरे तर पुढच्या टप्प्यावरचा, बांधकाम नियंत्रणाचा आहे, परंतु वाट रुंद करता येणार नसेल तर तो आजच समजलेला बरा. कचऱ्याच्या डब्यांचेही असेच आहे: रहिवाशाला डबा ३० मीटरपेक्षा दूर वाहून न्यावा लागू नये अशी अपेक्षा असते, आणि लांब बागेच्या टोकाचे घर या मर्यादेबाहेर सहज जाते.

आता रस्त्याच्या कडेला उभे राहावे. वाट रस्त्याला मिळते त्या रेषेपासून २.४ मीटर आत, गाडीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण १.०५ मीटरवर डोळे आणून दोन्ही बाजूंना पाहावे. निवासी रस्त्यांसाठी २००७ मध्ये निघालेल्या सरकारी मार्गदर्शिकेप्रमाणे ताशी ३० मैलांच्या रस्त्यावर ४३ मीटर आणि ताशी २० मैलांच्या रस्त्यावर २५ मीटर अंतरापर्यंत स्पष्ट दिसले पाहिजे. गुडघे वाकवून असे पाहताना पादचारी चमत्कारिक नजरेने बघतात, पण शेजाऱ्याचे कमरेएवढे हिरवे कुंपण नेमके कुठे आड येते हे असेच कळते. ते कुंपण शेजाऱ्याच्या हद्दीत असेल तर ते कापण्याचा अधिकार आपल्याला नसतो, आणि मग दृष्टिक्षेपाची अट आपल्या बळावर पूर्ण होऊ शकत नाही.

झाडांकडे तितक्याच गांभीर्याने पाहावे. जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर बुंध्याभोवती टेप गुंडाळून घेर मोजावा आणि त्याला ३.१४ ने भागून व्यास काढावा. ब्रिटिश मानक ५८३७ नुसार व्यासाच्या बारा पट त्रिज्येचे वर्तुळ हे मुळांचे संरक्षित क्षेत्र मानले जाते, आणि त्रिज्येची कमाल मर्यादा १५ मीटर आहे. उदाहरणार्थ, घेर १८८ सेंटिमीटर भरला तर व्यास सुमारे ६० सेंटिमीटर होतो आणि संरक्षित वर्तुळाची त्रिज्या ७.२ मीटर. बुंध्यापाशी खुंटी ठोकून तितक्या लांबीची दोरी फिरवली की बागेचा किती मोठा भाग त्या एका ओकने आधीच राखून ठेवला आहे हे पाहून माणूस थक्क होतो. शेजाऱ्याच्या बागेतले झाडही यातून सुटत नाही. त्याची मुळे कुंपण मानत नाहीत.

आणि कृपा करून सल्ल्याआधी जागा ‘साफ’ करू नका. संरक्षण आदेशाखालील झाड परवानगीशिवाय तोडणे गुन्हा आहे. कॉन्झर्व्हेशन एरियात १.५ मीटर उंचीवर ७५ मिलिमीटरपेक्षा जाड बुंध्याच्या झाडाला हात लावण्याआधी कौन्सिलला सहा आठवड्यांची सूचना द्यावी लागते. जैवविविधतेत १० टक्के वाढ दाखवण्याची अट एप्रिल २०२४ पासून लहान जागांनाही लागू झाली आणि तिच्यात अशी तरतूद आहे की ३० जानेवारी २०२० नंतर मुद्दाम केलेली नासधूस हिशोबात धरली जात नाही, आधीची स्थितीच मूळ मानली जाते. स्वतः राहण्यासाठी बांधणाऱ्यांना त्या अटीतून सूट देण्यात आली होती. आपल्या अर्जाच्या दिवशी ती कोणत्या स्वरूपात लागू आहे, हा प्रश्नही यादीत घ्यावा.

शेवटी बागेच्या मध्यभागी उभे राहून चारही बाजूंच्या खिडक्या मोजाव्यात. समोरासमोरच्या राहत्या खोल्यांच्या खिडक्यांत २१ मीटर अंतर असावे, असा संकेत अनेक कौन्सिलांच्या मार्गदर्शिकांत आढळतो. आपल्या कौन्सिलचा आकडा वेगळा असू शकतो, म्हणून तो शोधून घ्यावा. नव्या घराएवढेच लक्ष जुन्या घराकडेही द्यावे: बागेचा तुकडा काढून घेतल्यावर जुन्या घराला किती बाग उरते, त्याच्या गाड्या कुठे उभ्या राहतात आणि नव्या घराची वाट त्याच्या स्वयंपाकघराच्या किंवा झोपण्याच्या खोलीच्या खिडकीखालून जाते का, हे अधिकारी हमखास पाहतो. आपण मात्र नव्या घराच्या नादात ते विसरतो.

पाकिटात काय द्यावे

सल्ल्यासाठी शुल्क घेण्याचा अधिकार कौन्सिलांना २००३ च्या स्थानिक शासन कायद्याच्या कलम ९३ ने दिला आहे, आणि सेवा कशी द्यायची व शुल्क किती आकारायचे हे प्रत्येक कौन्सिल आपापले ठरवते. त्यामुळे शेजारच्या बरोमधल्या मित्राने भरलेली रक्कम आपल्याला लागू होत नाही. संकेतस्थळावर साधारणपणे दोन-तीन पर्याय असतात: केवळ लेखी उत्तर, भेटीसह लेखी उत्तर, किंवा अधिकाऱ्याने जागा पाहून दिलेले उत्तर. बागेतल्या घरासाठी जागा पाहण्याचा पर्याय उपलब्ध असेल तर तोच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जमिनीचा उतार, शेजाऱ्याच्या काचघराची जवळीक, मोठ्या झाडाची सावली हे कागदावर पोचत नाही. केवळ तोंडी भेटीवर समाधान मानू नये. ज्याची लेखी नोंद नाही त्याचा पुढे उपयोग होत नाही. रस्ते विभागाचा आणि झाडांच्या अधिकाऱ्याचा अभिप्राय त्याच शुल्कात येतो का, हेही आधी विचारावे. जिथे जिल्हा कौन्सिल आणि काउंटी कौन्सिल वेगळ्या आहेत तिथे रस्त्यांचा विभाग काउंटीकडे असतो आणि त्याचा सल्ला बहुधा स्वतंत्रपणे, वेगळे पैसे भरून घ्यावा लागतो.

पाकीट लहान आणि अचूक असावे. १:१२५० प्रमाणातला जागेचा नकाशा, त्यावर लाल रेषेने दाखवलेली प्रस्तावित जागा आणि निळ्या रेषेने दाखवलेली आपल्या मालकीची उरलेली जमीन. १:५०० किंवा १:२०० प्रमाणातला मांडणीचा आराखडा, ज्यात नवे घर केवळ एक चौकोन म्हणून दाखवलेले असले तरी चालते, पण वाट, गाड्या, झाडांची वर्तुळे, शेजारच्या खिडक्या आणि उरलेली बाग मापासहित असली पाहिजेत. आठ-दहा छायाचित्रे आणि ती कुठून काढली हे दाखवणारे बाण. आणि दोन पानांपेक्षा लांब नसलेले पत्र. किती मजले, किती झोपण्याच्या खोल्या आणि अंदाजे किती चौरस मीटर, हे लिहावे. २०१५ च्या राष्ट्रीय जागा-मानकाप्रमाणे तीन जणांसाठीच्या दोन बेडरूमच्या एकमजली घराला किमान ६१ चौरस मीटर आणि पाच जणांसाठीच्या तीन बेडरूमच्या दुमजली घराला ९३ चौरस मीटर लागतात. ज्या कौन्सिलांनी हे मानक आपल्या आराखड्यात घेतले आहे तिथे चौकोन त्याहून लहान काढण्यात अर्थ नाही.

प्रश्न कसे विचारावेत

पूर्वसल्ल्याचा दर्जा बऱ्याच अंशी आपल्या प्रश्नांवर ठरतो. ‘माझ्या बागेत घर बांधता येईल का?’ असे विचारले तर धोरणांचे क्रमांक आणि ‘प्रत्येक अर्ज गुणवत्तेवर तपासला जाईल’ हे वाक्य परत येते. अधिकाऱ्याकडे एकाच वेळी अनेक प्रकरणे असतात आणि मोघम प्रश्नाला तो मोघम उत्तर देतो, यात त्याचा दोष नाही. याउलट पुढच्या धर्तीचा प्रश्न पाहावा: ‘आमच्या रस्त्यावरील दोन घरांच्या मागे अशीच घरे २०१८ नंतर मंजूर झाली आहेत. आमच्या बागेची खोली त्यांच्याइतकीच आहे, परंतु वाट ३.२ मीटर रुंद आहे. मागच्या बाजूला घर असणे तत्त्वतः मान्य होण्यासारखे आहे का, आणि असल्यास या रुंदीमुळे आपण अर्जास विरोध कराल का?’ याला ‘होय’, ‘नाही’ किंवा ‘अमुक केल्यास होय’ असेच उत्तर द्यावे लागते.

माझ्या मते प्रश्नांची उतरंड तत्त्वापासून तपशिलाकडे जावी. इथे आणखी एक घर असणे मुळात मान्य आहे का, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर नकारार्थी असेल तर विटेचा रंग विचारून उपयोग नाही. त्यानंतर वाट आणि रस्ता, मग झाडे, मग शेजाऱ्यांचा उजेड आणि खासगीपणा, मग आकार आणि उंची. एक मजला अडचणीचा नसून दोन मजले अडचणीचे आहेत असे वाटत असेल तर दोन्ही पर्याय चौकोनानिशी मांडून कोणता अधिक योग्य ते विचारावे. पर्याय दोनच ठेवावेत. पाच पर्याय दिले की एकाचेही नीट परीक्षण होत नाही. शेवटी, अर्जासोबत कोणकोणते अहवाल लागतील आणि कोणते लागणार नाहीत, हे स्पष्ट विचारावे. या एका प्रश्नाच्या उत्तराने शुल्काची रक्कम भरून निघू शकते, कारण अनावश्यक पाहणी टळते आणि आवश्यक पाहणी योग्य ऋतूत करता येते. वटवाघळांची संध्याकाळची पाहणी मे ते ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंतच होऊ शकते. ऑक्टोबरात तिची गरज कळली तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबावे लागते.

हेतूही खरा सांगावा. ‘फक्त समर हाउस बांधतो आणि मग हळूहळू त्यात राहायला लागतो’ असा सल्ला ओळखीतले लोक देतात, तो ऐकू नये. परवानगीशिवाय बांधता येणारी बागेतली खोली मुख्य घराच्या पूरक वापरापुरती असते, स्वतंत्र राहण्यासाठी नसते. पूर्वी चार वर्षे कारवाई झाली नाही तर बचाव मिळण्याची शक्यता असे. २५ एप्रिल २०२४ पासून इंग्लंडमध्ये ती मुदत दहा वर्षे झाली आहे, आणि लपवाछपवी सिद्ध झाली तर तोही आधार राहत नाही.

शेजाऱ्यांचे काय? पूर्वसल्ल्याच्या टप्प्यावर कौन्सिल सहसा त्यांना कळवत नाही. अर्ज आल्यावर मात्र कळवतेच. म्हणून कौन्सिलचे पत्र हाती आल्यानंतर आणि अर्ज करण्याआधी आपण स्वतः त्यांच्या दारात जावे, चौकोनाचा नकाशा दाखवावा आणि त्यांना नेमके काय खुपते ते ऐकून घ्यावे. कोणाला खिडकी खुपते, कोणाला बांधकामाच्या लॉऱ्या. खिडकीची जागा आज बदलता येते. माहिती अधिकाराच्या कायद्यांमुळे पूर्वसल्ल्याची कागदपत्रे मागणाऱ्याला मिळू शकतात, हेही ध्यानात ठेवावे. शेजाऱ्याबद्दल वाचायला नको असे काहीही त्या पत्रात लिहू नये.

आलेले उत्तर कसे वाचावे

उत्तराच्या शेवटी एक ठरावीक परिच्छेद असतो: हे मत अधिकाऱ्याचे असून कौन्सिलवर बंधनकारक नाही. हे खरे आहे. अर्ज समितीपुढे गेला तर नगरसेवक वेगळा निर्णय घेऊ शकतात, शेजाऱ्यांच्या हरकतींतून नवी माहिती पुढे येऊ शकते, धोरण बदलू शकते. तरीही लेखी सल्ल्याला निर्णयप्रक्रियेत वजन असते, आणि तो कारण न देता फिरवणे अधिकाऱ्याला अवघड जाते.

भाषा बारकाईने वाचावी. ‘तत्त्वतः स्वीकारार्ह, पुढील बाबींच्या समाधानकारक मांडणीच्या अधीन’ याचा अर्थ दार उघडे आहे आणि त्या बाबी म्हणजे पुढच्या कामाची यादी आहे. ‘सध्याच्या स्वरूपात पाठिंबा देता येणार नाही’ या वाक्यातले ‘सध्याच्या स्वरूपात’ हे शब्द महत्त्वाचे. कोणते स्वरूप चालेल याचे सूचन बहुधा पुढच्या दोन-तीन वाक्यांत असते. ‘या रस्त्याची वीण लांब, मोकळ्या बागांची आहे आणि मागील बाजूचे बांधकाम तिला बाधक ठरेल’ असे आले तर तो आकाराचा नाही, तत्त्वाचा नकार आहे, आणि घर एक मीटरने लहान करून तो टळणार नाही. माझ्या पाहण्यात एका कुटुंबाने असाच नकार आकाराचा समजून तीन वेळा नकाशे बदलले. पत्र परत वाचून दाखवल्यावर त्यांच्या लक्षात आले की उंचीबद्दल अधिकाऱ्याने एक शब्दही लिहिला नव्हता.

काही मुद्द्यांवर उत्तर गप्प असते. गप्प राहणे म्हणजे संमती असे समजू नये. रस्त्याच्या विभागाने मत दिलेले नसेल तर तसे ईमेलने नम्रपणे विचारावे. कौन्सिल नव्या बांधकामावर सामुदायिक पायाभूत सुविधांचे शुल्क (‘सीआयएल’) घेत असेल तर त्याचा उल्लेखही पाहावा. स्वतः राहण्यासाठी बांधणाऱ्याला त्यातून सूट मिळते, परंतु ती काम सुरू होण्याआधी मागून मंजूर करून घ्यावी लागते, काम सुरू करण्याची सूचना वेळेत द्यावी लागते, आणि घर पूर्ण झाल्यावर तीन वर्षे तिथे राहावे लागते. पाया खणल्यानंतर सूट मागणाऱ्याला ती मिळत नाही.

तत्त्वाचाच नकार आला आणि तो आपल्याला पटत नसेल तर एक मधला मार्ग आहे. ‘परमिशन इन प्रिन्सिपल’ नावाचा अर्ज जून २०१८ पासून लहान प्रकल्पांना उपलब्ध आहे. त्यात जागा, जमिनीचा वापर आणि घरांची संख्या एवढेच तपासले जाते, तपशीलवार नकाशे लागत नाहीत, निर्णय पाच आठवड्यांत अपेक्षित असतो आणि नाकारल्यास अपील करता येते. पूर्वसल्ल्यावर मात्र अपील नसते. पण मुख्य अडचण झाडांची किंवा शेजाऱ्याच्या खिडकीची असेल तर हा मार्ग फारसा कामाचा नाही, कारण ती पुढच्या टप्प्यावर तशीच उभी राहते.

उत्तर अनुकूल असेल तर अर्ज लांबणीवर टाकू नये. नवा स्थानिक आराखडा येतो, राष्ट्रीय धोरण बदलते, अधिकारी बदलतो, आणि जुन्या पत्राचे वजन वर्षागणिक घटते. अर्जासोबतच्या निवेदनात पत्रातला प्रत्येक मुद्दा क्रमाने घेऊन त्यावर काय केले ते लिहावे: वाटेची रुंदी कशी साधली, कोणती खिडकी हलवली, पाया मुळांच्या वर्तुळाबाहेर कसा ठेवला. जिथे सल्ला पाळता आला नाही तिथे का पाळला नाही तेही लिहावे. अर्जाच्या छापील नमुन्यात पूर्वसल्ला घेतला होता का, असा स्वतंत्र प्रश्न असतो. तिथे अधिकाऱ्याचे नाव, पत्राचा संदर्भ क्रमांक आणि तारीख भरावी, आणि पत्राची प्रत सोबत जोडावी.